डावा अंगठा

सकाळचे साडेनऊ. मेल मेडिकल वॉर्ड. राउंड नुकताच संपला आहे आणि औषधांची ट्रॉली निम्म्या वॉर्डापर्यंत पोचली आहे. अकरा नंबरच्या खाटेवर सत्तरीचे आजोबा. चार दिवसांच्या जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं, शिरा पार बसलेल्या. रात्रपाळीच्या सिस्टरने ओव्हर देतानाच सांगून ठेवलं होतं, ‘अकरा नंबरचं सलाईन बंद पडलंय, व्हेन मिळत नाही.’

इन्चार्ज सिस्टर येतात. वीस वर्षांची नोकरी. टर्निकेट बांधतात, बोटाने एकदा चाचपतात, ‘आजोबा, मुंगी चावल्यासारखं होईल हं,’ म्हणतात आणि ते वाक्य संपेपर्यंत इंट्राकॅथमध्ये रक्त दिसू लागतं. शेजारी ट्रे धरून उभी असलेली दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी थक्क होऊन विचारते, ‘सिस्टर, कसं जमलं तुम्हाला?’

‘अगं, करून करून येतं. तुलाही येईल.’ सिस्टर बारा नंबरकडे वळतात.

तासाभराने ती मुलगी सतरा नंबरच्या तरुण पेशंटला सुई लावायला जाते. दोरीसारखी टरटरून वर आलेली शीर. प्रोसीजर बुकमधली प्रत्येक पायरी ती क्रमाने करते आणि सुई टेकताच शीर बाजूला सटकते. दुसऱ्या वेळी हात सुजतो. पेशंट हात मागे घेतो आणि म्हणतो, ‘मोठ्या सिस्टरांना बोलवा.’

तिने अकरा नंबरजवळ सगळं बघितलं होतं, फक्त सिस्टरांचा डावा अंगठा तिला दिसला नव्हता. सुई लावायच्या जागेच्या जरा खाली, बोटांच्या बाजूला, तो अंगठा कातडी ताणून धरत होता. कातडी ताणली की शीर जागच्या जागी राहते. नाही ताणली, तर सुईच्या टोकाने ती बाजूला ढकलली जाते, मग शीर कितीही ठसठशीत असो. वीस वर्षं तो अंगठा रोज ते काम करतो आहे. सिस्टरांना कागद देऊन सांगितलं की सुई कशी लावता ते लिहा, तर अंगठ्याचा उल्लेख बहुधा राहून जाईल. त्यांना काही लपवायचं नसतं. आपण हे करतो याची त्यांना आता जाणीवच नसते.

अनुभवी परिचारिकेला वॉर्डातली शिक्षिका म्हणून तयार करायचं, तर सुरुवात त्या अंगठ्यापासून करावी लागते.

चांगली सिस्टर म्हणजे आपोआप चांगली शिक्षिका, हा समज आपल्या रुग्णालयांत इतका मुरला आहे की कुणी तो तपासूनही पाहत नाही. विद्यार्थिनींची तुकडी येते, इन्चार्ज सिस्टर हजेरी घेतात, पेशंट वाटून देतात, आणि शिकवणं सुरू झालं असं सगळे धरून चालतात. सिस्टरांना कुणी विचारत नाही की तुम्ही शिकवायला कधी शिकलात?

या प्रश्नाकडे नीट बघायला ज्यांच्यामुळे भाषा मिळाली त्या अमेरिकन परिचर्या-संशोधक पॅट्रिशिया बेनर. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी परिचारिकेचा प्रवास पाच टप्प्यांत मांडला : नवशिकी, थोडी रुळलेली, सक्षम, निष्णात आणि तज्ज्ञ. टप्प्यांची मूळ कल्पना बर्कलेच्या ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या बंधूंची. त्यांनी विमानचालक आणि बुद्धिबळपटू कौशल्य कसं कमावतात याचा अभ्यास केला होता. बेनर यांनी ती कल्पना वॉर्डात आणली आणि परिचारिकांना त्यांचे स्वतःचे प्रसंग सांगायला लावून ती पडताळली.

त्यांच्या मांडणीतली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी. नवशिकी नियमांवर चालते. बीपी इतकं असेल तर हे कर, तितकं असेल तर ते कर. तज्ज्ञ परिचारिका पेशंटकडे बघते तेव्हा तिला सगळं चित्र एकदम दिसतं, नियम आठवावे लागत नाहीत. म्हणजेच नवशिकीला जी गोष्ट हवी असते, नेमकी तीच तज्ज्ञ परिचारिकेच्या मनातून पुसट झालेली असते. पुरणपोळी लाटणाऱ्या आजीला कणीक किती सैल हवी म्हणून विचारलं तर ती म्हणते, हाताला कळतं. ते खरंच असतं, पण नातीला पोळी लाटता येण्यासाठी ते पुरत नाही.

हे केवळ निरीक्षण नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी शल्यविशारदांना एक शस्त्रक्रिया पायरी-पायरीने सांगायला लावली. त्यांच्या सांगण्यातून निम्म्याहून अधिक पायऱ्या गळाल्या, आणि त्यातही जिथे निर्णय घ्यायचा असतो त्या जागा जास्त गळाल्या. हात कुठे ठेवायचा हे तज्ज्ञ माणूस एक वेळ सांगेल, पण आता पुढे जायचं की थांबायचं हे त्याने कशावरून ठरवलं, ते त्याच्या तोंडून सहजी निघत नाही.

म्हणून शिक्षिका व्हायला आलेल्या सिस्टरांकडून मी पहिल्या दिवशी एक प्रयोग करून घेते. दोघींना पाठीला पाठ लावून बसवायचं. एकीसमोर रायल्स ट्यूब आणि सरावाचा पुतळा, दुसरीसमोर काहीच नाही. दुसरीने तोंडाने सांगायचं आणि पहिलीने फक्त ऐकलेलं करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. ‘ट्यूब मेजर करा,’ असं सांगितलं जातं. पहिली ट्यूब हातात धरून बसून राहते. कुठून कुठपर्यंत? मग आठवतं : नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. ‘आता नाकातून सरकवा, पेशंटला गिळायला सांगा.’ कधी सांगायचं? ट्यूब घशाशी आली की. घशाशी आली हे कशावरून? खोली शांत होते. पंचवीस वर्षं ट्यूब घालणाऱ्या बाई डोळे मिटून हात हवेत हलवतात, बोटांना काय जाणवतं ते आठवू लागतात. किंचित अडल्यासारखं होतं, पेशंटला उमळल्यासारखं वाटतं, त्याच क्षणी हनुवटी छातीकडे घ्यायला लावायची आणि गिळा म्हणायचं. तिथे पहिल्यांदा त्या शिक्षिका झालेल्या असतात.

कौशल्य असं सुटं करून झालं की ते विद्यार्थिनीपुढे कसं मांडायचं यासाठी ब्रिटिश शल्यविशारद रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये सांगितलेली चार पायऱ्यांची पद्धत फार उपयोगी पडते. आधी शिक्षिकेने काम नेहमीच्या वेगाने, एक शब्द न बोलता करून दाखवायचं, म्हणजे नीट झालेलं काम कसं दिसतं ते मुलीच्या डोळ्यांत बसतं. मग तेच सावकाश, प्रत्येक हालचाल का करतो ते सांगत करायचं. तिसऱ्या वेळी हात शिक्षिकेचे आणि तोंड विद्यार्थिनीचं : ती सांगेल तेवढंच करायचं. चौथ्या वेळी ती स्वतः बोलत बोलत करते. आपल्याकडे पहिली पायरी होते आणि एकदम चौथी. तिसरी तर कुणी करतच नाही. माझ्या अनुभवात खरी शिकवण तिसरीत होते, कारण मुलीच्या डोक्यात काय चुकीचं बसलंय ते तिथे सुई पेशंटच्या कातडीला लागण्याआधीच कळतं.

हाताचं काम निदान डोळ्यांना दिसतं. बघून ओळखणं शिकवायचं कसं?

सहा नंबरच्या खाटेवरचा पेशंट घ्या. चार्टवर बीपी ११० वर ७०, ताप थोडा. सिस्टर जाता जाता म्हणतात, ‘याच्याकडे लक्ष ठेवा गं, मला हा बरा वाटत नाही.’ संध्याकाळी पेशंट खरोखर बिघडतो. विद्यार्थिनींना वाटतं, सिस्टरांना दैवी शक्ती आहे. सिस्टरांनी प्रत्यक्षात चार गोष्टी पाहिलेल्या असतात : सकाळपासून तो पांघरुणाशी चाळा करतोय, एक वाक्य दोन श्वासांत बोलतोय, लघवीची पिशवी रात्री होती तितकीच भरलेली आहे आणि श्वास जलद आहे. यातला श्वास फार महत्त्वाचा. पेशंट ढासळू लागला की बहुतेक वेळा श्वासाचा वेग आधी वाढतो, बीपी त्यानंतर पडतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये धोक्याची पूर्वसूचना देणारी गुणपद्धत काढली, तिच्यात मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास असतील तर त्या एका नोंदीला सर्वाधिक म्हणजे ३ गुण आहेत. आणि आपल्या चार्टवर न मोजता लिहिली जाणारी नोंदही हीच. वॉर्डभर सगळ्यांचा श्वास २०.

सिस्टरांनी ‘मला हा बरा वाटत नाही’ एवढंच म्हटलं तर मुलीच्या हाती काही लागत नाही. शिक्षिका व्हायचं म्हणजे खाटेच्या पायथ्याशी उभं राहून आपला विचार मोठ्याने करायचा. अमेरिकेतल्या परिचर्या-शिक्षिका क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयाचे चार भाग मांडले : लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून बघणं. अनुभवी सिस्टरमध्ये पहिले दोन भाग इतके चटकन घडतात की बाहेरून फक्त कृती दिसते. ते दोन भाग उघडे करून दाखवणं हेच त्यांचं नवं काम.

‘पण एवढा वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि तो रास्त आहे. यासाठी अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये एक छोटी पद्धत मांडली. ती मूळची डॉक्टरांसाठी, पण वॉर्डातल्या सिस्टरांच्या हाताला फार चांगली बसते. सहा नंबरच्याच पेशंटजवळ ती अशी चालते :

‘काय वाटतं तुला?’

‘सिस्टर, बीपी नॉर्मल आहे.’

‘ते मी पाहिलं. तुझं मत काय? डॉक्टरांना कळवायचं की थांबायचं?’

मुलगी घुटमळते. ‘कळवावं.’

‘का?’

‘श्वास जोरात चाललाय. आणि युरिन बॅग सकाळी होती तेवढीच आहे.’

‘श्वास किती?’

‘मोजला नाही.’

‘चल, मोजू. नाडी धरल्यासारखा हात धर आणि डोळे छातीवर ठेव. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो बदलतो. आणि पूर्ण एक मिनिट मोजायचा.’

मिनिटानंतर आकडा येतो, २८. ‘बॅग बघितलीस हे फार चांगलं केलंस, ते कुणी सांगितलं नव्हतं तुला. आता श्वास न मोजता पुढे जायचं नाही. जा, डॉक्टरांना फोन कर, मी शेजारी उभी आहे.’

सगळं मिळून तीन मिनिटं. यात सिस्टरांनी तिला आधी मत द्यायला लावलं, कारण विचारलं, पुढच्या शंभर पेशंटना लागू पडेल असा एक नियम दिला, काय बरोबर केलं ते नेमकं सांगितलं आणि चूक दुरुस्त केली. नुसतं ‘शाबास’ म्हटलं असतं तर मुलीला आनंद झाला असता, पण उद्या पुन्हा काय करायचं ते कळलं नसतं.

आता सगळ्यांत अवघड भाग, रागावण्याचा.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात एका सीनियरने किडनी ट्रे चुकीच्या बाजूला धरला म्हणून पेशंट, नातेवाईक, मामा, मावशी सगळ्यांसमोर मला झापलं होतं. त्या दिवसापासून त्यांना काही विचारायचं मी बंद केलं. आठवड्याने त्यांनी माझ्या हातात पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल दिला आणि म्हणाल्या, ‘नऊ नंबरला दे.’ सलाईनच्या बाटलीत घालायचं की कसं, हे मला पक्कं ठाऊक नव्हतं. विचारलं तर पुन्हा बोलणी बसतील म्हणून विचारलं नाही. सिरिंज भरून मी खाटेकडे निघाले. वाटेत दुसऱ्या एका सिस्टरांनी माझा हात धरला. हे औषध थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. त्यांनी सिरिंज माझ्या हातातून घेतली, मला बाजूच्या खोलीत नेलं आणि शांतपणे सगळं समजावलं. चाळीस वर्षं होत आली, नऊ नंबरच्या त्या पेशंटचा चेहरा मला अजून आठवतो.

‘आम्ही असंच बोलणी खाऊन शिकलो,’ असं अनुभवी सिस्टर म्हणतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगते. बोलणी खाऊन मी एक गोष्ट मात्र पक्की शिकले होते, गप्प राहायचं. वॉर्डात विद्यार्थिनीचं गप्प राहणं ही धोक्याची गोष्ट आहे. म्हणून प्रशिक्षणात पेशंटजवळ जाण्याआधीचं बोलणं शिकवावं लागतं : तू कुठली पायरी करणार, मी कुठली करणार, आणि मी ‘आता मी घेते’ म्हटलं की तू काही न बोलता हात बाजूला घ्यायचा. पेशंटलाही आधी विचारायचं, ‘आजोबा, ही आमची मुलगी शिकतेय, मी शेजारीच आहे, चालेल ना?’ ते नाही म्हणाले तर नाही. चुकीबद्दलचं सविस्तर बोलणं नंतर, ड्यूटी रूममध्ये, दार लावून.

मायेने वागणाऱ्या सिस्टरांची अडचण याच्या उलट असते. स्कॉटलंडच्या कॅथलीन डफी यांचा २००३ सालचा अभ्यास याच विषयावर आहे. ज्या विद्यार्थ्यांची तयारी झालेली नाही हे दिसत होतं, त्यांनाही प्रत्यक्ष कामावर शिकवणारे अनुभवी परिचारक-परिचारिका पास करत होते. मुलीचं वर्ष वाया जाईल, पुढच्या पोस्टिंगमध्ये सुधारेल, आपणच कमी पडलो असू, अशी कारणं होती. आपल्याकडे लॉगबुकवर शेवटच्या दिवशी ओळीने सह्या होतात, त्यामागेही हीच माया असते. मला ती माया समजते, पण मान्य नाही. त्या सहीवर विश्वास ठेवून उद्या कुणीतरी त्या मुलीच्या हाती एकटीने वॉर्ड सोपवणार असतं. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने २०१८ मध्ये नवी मानकं आणली आणि रोज शेजारी उभं राहून शिकवणारी व्यक्ती आणि अखेरचा निकाल देणारी व्यक्ती वेगवेगळ्या केल्या. आपल्याकडे तेवढी माणसं नसतील, पण शंका वाटली तर पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवायची आणि मुलीला त्याच आठवड्यात सांगायची, एवढं एका सिस्टरलाही करता येतं.

आतापर्यंत बोललो ते सिस्टरांनी काय शिकायचं याबद्दल. संस्थेचा वाटा त्याहून मोठा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी थकलेला आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या शाळेत खरं शिक्षण वॉर्डातल्या सिस्टरांच्या हाताखाली व्हायचं. कालांतराने शाळा मोठ्या झाल्या, महाविद्यालयं झाली आणि शिकवणं वर्गात गेलं. भारतात १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. पदवीने या व्यवसायाला मान दिला, तो हवाच होता. पण त्याच वाटेने दोन वेगळ्या शिड्याही तयार झाल्या. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरीत बघा : अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही वॉर्डाची शिडी, आणि पाठ्यनिर्देशिका ही शाळेची. पाठ्यनिर्देशिकेला शिकवायला येतं पण तिचे पेशंट सुटलेले असतात, परिसेविकेकडे पेशंट असतात पण शिकवणं तिच्या कामात मोजलं जात नाही. विद्यार्थिनी या दोघींच्या मधल्या फटीत पडते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ही फट ठेवलेली नाही. तिथे परिचर्या महाविद्यालयातले अध्यापक रुग्णालयातल्या सेवेचीही जबाबदारी घेतात. ते सगळीकडे जमेल असं नाही, पण जमतं हे तिथे दिसतं.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या प्रसूतीसेवा मार्गदर्शक सूचनांमध्येही एक शहाणा क्रम आहे. अनुभवी परिचारिकांना १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन स्वतंत्रपणे बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफ तयार करायच्या, पण त्याआधी त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिका वेगळं प्रशिक्षण देऊन तयार करायच्या. वॉर्डात शिकवण्यालाही हाच क्रम हवा.

आणि सिस्टरांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही. शिक्षिका झाल्यावर त्या बेनर यांच्या पहिल्या टप्प्यावर परत येतात. वीस वर्षं जिच्या शब्दावर वॉर्ड चालला, तिला तीन मुलींसमोर बोलताना घाम फुटतो, साधा प्रश्न अडवतो. कितीतरी चांगल्या सिस्टर याच दिवसांत ‘मला शिकवणं जमत नाही’ म्हणून मागे फिरतात. त्यांना शिकवणं जमत नसतं असं नाही, त्या या कामात नवशिक्या असतात. पहिले काही महिने एखादी मुरलेली शिक्षिका शेजारी उभी राहिली, त्यांचं शिकवणं बघून नंतर दार लावून बोलली, तर त्या टिकतात.

रुग्णालयांच्या अधिसेविकांना आणि प्रशासनाला माझी विनंती आहे. ज्या सिस्टरांकडे विद्यार्थिनी सोपवता, त्यांच्या नावापुढे पुढच्या महिन्याच्या ड्यूटी लिस्टमध्ये ‘शिकवणे’ असं लिहा, आणि त्या पाळीत त्यांच्याकडचे पेशंट कमी करा. हे करायला नवी इमारत लागत नाही आणि नवं यंत्रही लागत नाही.